वाळूतले थांबे

आमच्या हिचा एकच सिद्धांत आहे: पाटी असली की माणूस चुकत नाही. सगळी हयात तिने बसमध्ये कंडक्टर म्हणून काढली, आणि जगातली निम्मी भांडणं बिनपाटीच्या थांब्यांमुळे होतात असं तिचं ठाम मत आहे. उरलेली निम्मी सुट्ट्या पैशांवरून. निवृत्त झाल्यावर डेपोने तिकिटाचं मशीन परत घेतलं, शिट्टी परत घेतली. हा सिद्धांत मात्र तिच्याबरोबर घरी पाठवून दिला आणि माझ्या नशिबी आला.

मी शिंपी. खाली दुकान, वर दोन खोल्या, मधे लाकडी जिना. निवृत्तीनंतर पहिल्या महिन्यातच वरच्या खोल्यांत पाट्या लागल्या. डब्यांवर पाट्या, कपाटाच्या खणांवर पाट्या, दिव्यांच्या बटणांवर पाट्या. एका बटणाने काहीच लागत नाही, तर त्यावर "हे उगाच आहे" अशी पाटी. मग ती जिना उतरून दुकानात आली. माझ्या कात्र्या ज्या खिळ्यावर असतात त्यावर पाटी, खडूच्या खोक्याला पाटी, काजाच्या दोऱ्यांना रंगांप्रमाणे पाट्या. जन्मभर मी ज्या वस्तू डोळे मिटून उचलत आलो, त्या मला वाचून उचलायला लागल्या. मी वैतागून म्हणालो की आता माझ्या गळ्यात तेवढी एक पाटी अडकव, नवरा म्हणून. ती म्हणाली, गरज नाही, तुमच्या चेहऱ्यावर लिहिलंय.

फोनवर लेक मला म्हणायची, बाबा, लग्न करताना तुम्हाला हे कळलं नव्हतं का? कळलं होतं की. तरुणपणी मी हिच्याच गाडीच्या पायरीवर लटकत चाललो होतो, तेव्हा हिने दंडाला धरून मला आत ओढलं आणि भरल्या गाडीसमोर सुनावलं, मरायचं असेल तर दुसऱ्याच्या गाडीत जाऊन मरा, माझ्या गाडीतली माणसं घरी पोचतात. चारचौघांत शोभा झाली. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम तीच गाडी पकडली. आम्ही शिंपी लोक नको तिथे चिवट असतो.

तर सांगायचा मुद्दा असा की घरात लावायला पाट्या संपल्या, गुडघे धरायला लागले आणि डॉक्टरांनी हिला सांगितलं, रोज सकाळी समुद्रावर चाला. मला हायसं वाटलं. सकाळचं दुकान शांत झालं. आणि आठवडा झाला नसेल, ही एक दिवस तणतणत जिन्याखाली येऊन उभी राहिली. तिला कुणीतरी फसवलं होतं.

झालं असं. वाळूतून चालताना एक चिमुकलं पाखरू हिच्या पुढ्यात येऊन पंख फरफटवत पडलं. पाठीने वाळूच्या रंगाचं, पोटाने पांढरं, पाय काडीएवढे. बिचाऱ्याचा पंख मोडलाय म्हणून ही त्याला उचलायला गेली. ते थोडं पुढे सरकलं, पुन्हा पडलं. ही पुन्हा गेली. असं करत करत त्याने हिला किनाऱ्याच्या पार दुसऱ्या टोकाला नेलं आणि मग टुणकन उडून गेलं. पंखाला धाड भरली नव्हती. ही मला म्हणाली की अख्ख्या नोकरीत लोकांनी माझ्यासमोर लंगडण्याची, आंधळेपणाची, बेशुद्ध पडण्याची सोंगं केली, एकालाही मी फुकट जाऊ दिलं नाही, आणि त्या एवढ्याशा पाखराने मला गंडवलं.

दुसऱ्या दिवशी ती चालायला गेलीच नाही. जीवरक्षकांच्या खोपटापाशी उन्हात बसून राहिली, त्या पाखराचं बिंग फोडायला. आणि तिने फोडलं. पाखरू इकडेतिकडे बघत, थांबत, चोरपावलांनी एका जागी गेलं आणि वाळूतल्या एका उथळ खळग्यावर जाऊन बसलं. त्या खळग्यात तीन अंडी होती, वाळूत मिसळून जातील अशा ठिपक्यांची. ते सोंग या अंड्यांपासून माणसाला लांब नेण्यासाठी होतं. ही घरी आली ती गुन्हा माफ करूनच. "लेकरांसाठी करत होती हो," एवढंच म्हणाली आणि वर गेली.

त्याच किनाऱ्यावर हिला वनखात्याची एक मुलगी भेटली. डोक्यावर मोठी टोपी, गळ्यात दुर्बीण, नाक उन्हाने सोललेलं. आम्ही तिला पक्षीवाली म्हणतो. तिने सांगितलं की या पाखराला चिखल्या म्हणतात. वाळूत राहतो आणि नाव चिखल्या, म्हणजे याची पाटीच चुकलीय, असं ही म्हणाली, आणि तिथपासून दोघींचं जमलं. पक्षीवालीने सांगितलं ते मात्र हसण्यासारखं नव्हतं. हे चिखल्ये आता मोजकेच उरलेत. यांना घरटं बांधायला झाड लागत नाही, मोकळी कोरडी वाळू लागते, आणि नेमकी तीच वाळू माणसालाही लागते. पूर्वी हा सगळा किनारा त्यांचा होता. आता खोपटाच्या पलीकडचा एक पट्टा तेवढा उरलाय, आणि तिथेही कुत्री, चेंडू, चपला.

पक्षीवालीने किनारा समितीच्या मागे लागून त्या पट्ट्याभोवती एका हंगामापुरता दोर लावायची परवानगी मिळवली होती. समितीचे अध्यक्ष सरळ माणूस, पण हिशेबी. त्यांचं म्हणणं, त्या जागी दिव्याचे खांब, बाकं आणि खाण्याचे गाडे आणायचं ठरलेलं आहे, लोक वाट बघतायत. तुम्ही म्हणता तर मी हंगामभर थांबतो. हंगामाच्या शेवटी मला स्वतःच्या डोळ्यांनी तिथे पिल्लं दिसली तर दोर दर वर्षी लागेल. नाही दिसली तर दोर जाईल आणि खांब येतील. पक्षीवालीकडे असे कितीतरी किनारे होते, तिला रोज इथे उभं राहता येणार नव्हतं. तिने हिला विचारलं, आणि ही मला न विचारता हो म्हणाली.

माझं म्हणणं एवढंच की विचारायला काय हरकत होती. पण खरं सांगतो, त्या दिवसापासून घरातली एकेक पाटी गळून पडायला लागली आणि हिच्या चेहऱ्यावर रंग आला. ड्यूटी लागली होती ना. सकाळी डबा, पाण्याची बाटली, टोपी, आणि पायात जुने कामावरचे बूट. दोराच्या आत कुणी पाय टाकला की ही लांबूनच म्हणायची, "पलीकडून." विनंती नाही, भाषण नाही, पक्ष्यांचं महत्त्व वगैरे काही नाही. लोक निमूट पलीकडून जायचे. चेंडू आत गेला तर ही स्वतः जाऊन, पाय जपून टाकत, आणून द्यायची आणि देताना अशी बघायची की पुढचा चेंडू कुणी त्या दिशेला मारत नसे.

एक निवृत्त बँक मॅनेजर आपला वासराएवढा कुत्रा घेऊन यायचे, आम्ही त्यांना कुत्रेवाले म्हणायचो. ते पहिल्या दिवशी म्हणाले, हा किनारा सगळ्यांचा आहे. ही म्हणाली की बसही सगळ्यांचीच असते, म्हणून ड्रायव्हरच्या मांडीवर कुणी बसत नाही. तेव्हापासून कुत्र्याला पट्टा लागला. मनातून मात्र कुत्रेवाल्यांनी ते लावून घेतलं, हे मला दिसत होतं.

मग पक्षीवाली दुसऱ्या किनाऱ्यावर कामाला गेली. जाताना सांगून गेली की फक्त दोराकडे लक्ष ठेवा, आत काही करू नका. दोन दिवसांनी कानात गाणी खुपसलेला एकजण धावत धावत दोराखालून वाकून आत शिरला आणि एका खळग्याच्या अगदी वीतभर बाजूने बूट आपटत गेला. अंडी दिसतच नाहीत हो, ही घरी येऊन म्हणाली, दिसली तर कोण मुद्दाम तुडवेल? मग तिने तिच्या स्वभावाप्रमाणे केलं. दुकानात आली, माझ्या कात्रणांच्या टोपलीतून लाल कापडाच्या पट्ट्या उचलल्या आणि मला म्हणाली, काठ्यांना बांधायच्यात. प्रत्येक घरट्याशेजारी एक. मी त्या पट्ट्यांना दुमडून कड मारून दिली, कारण चिंधी असली तरी माझ्या दुकानातून सुतं लोंबत बाहेर जाणार नाही. संध्याकाळपर्यंत वाळूत लाल निशाणं फडफडायला लागली. फार छान दिसत होतं, आणि लोकही कौतुक करत होते. आता कळतं बाई कुठे काय आहे ते, असं म्हणत होते.

पहिलं घरटं दोनच दिवसांत रिकामं झालं. मग दुसरं. मग एका सकाळी दोन एकदम.

हिने थेट कुत्रेवाल्यांना धरलं. भर किनाऱ्यावर, लोकांसमोर, ज्या आवाजात ती मागच्या दारातून पुढच्या दारातल्या माणसाला उतरवायची त्या आवाजात. तुमच्या कुत्र्याने खाल्ली, पट्टा सोडलात, लाज वाटत नाही का. कुत्रेवाले पांढरे पडले. नाही म्हणाले, पुन्हा नाही म्हणाले, आणि कुत्र्याला घेऊन निघून गेले. दुसऱ्या दिवसापासून ते किनाऱ्यावर दिसले नाहीत. ही मला अभिमानाने सांगत होती की बघा, चोराच्या मनात चांदणं.

तरीही अंडी जातच राहिली. तेव्हा ही पुन्हा खोपटापाशी ठाण मांडून बसली, चोर पकडायला. दुपारी ऊन उतरायच्या आधीच ती दुकानात परत आली. बूट न काढता जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली. मी एका पॅन्टीची लांबी कमी करत होतो. तिच्याकडे बघून माझा हात आपोआप थांबला. इतक्या वर्षांच्या संसारात मी हिला रागावलेली पाहिली, रडताना पाहिली, तापाने फणफणलेली पाहिली, पण अशी पाहिली नव्हती. मला भीती वाटली.

मग तिने सांगितलं. एक कावळा आला. पहिल्या काठीपाशी उतरला, आजूबाजूला बघितलं, काही नाही. तिथून थेट दुसऱ्या काठीपाशी. तिथून तिसरीपाशी. मधे कुठे वळला नाही, शोधलं नाही, काठी आली की उतरायचा. तिसरीपाशी अजून अंडी होती. चिखल्याची मादी ओरडत राहिली, त्याच्यासमोर पंख फरफटवत पडली, पण त्याने तिच्याकडे बघितलंही नाही.

"अहो, मी कावळ्यांना थांबे लावून दिले," ती म्हणाली. "एकही थांबा चुकवला नाही त्याने."

मी मशीन बंद केलं आणि तिच्याशेजारी पायरीवर जाऊन बसलो. माझी कड मारलेली लाल पट्टी होती ना ती. इतकं वाईट वाटलं की मला त्या टोपलीकडे बघवेना. तिथे माणसाने काठी लावली नसती तर कावळ्याला ती अंडी शोधायला जन्म गेला असता, कारण ती दिसू नयेत म्हणूनच तर तशी असतात. आणि ती दिसावीत म्हणून आम्ही दोघांनी एवढा खटाटोप केला.

पण ही काही कपाळाला हात लावून बसणाऱ्यातली नव्हे. थोड्या वेळाने उठली, तोंड धुतलं आणि पक्षीवालीला फोन लावला. काहीही न लपवता सगळं सांगितलं, काठ्या कुणी लावल्या, का लावल्या, किती घरटी गेली. एकदाही "मला वाटलं" असं म्हणाली नाही. मग बूट काढून, चपला घालून कुत्रेवाल्यांचं घर शोधत गेली. तिथे काय झालं ते मला त्यांनीच नंतर पॅन्ट शिवून घ्यायला आले तेव्हा सांगितलं. दार उघडल्यावर ही आत गेली नाही. जिन्यातच उभं राहून, शेजारीपाजारी ऐकतील अशा आवाजात म्हणाली की मी तुमच्यावर आणि तुमच्या कुत्र्यावर खोटा आळ घेतला, लोकांसमोर घेतला म्हणून लोकांसमोरच माफी मागते. कुत्रेवाले म्हणाले, बाई, हळू, शेजाऱ्यांना वाटेल मी काहीतरी केलंय.

दोन दिवसांनी पक्षीवाली आली. ती रागावेल म्हणून ही तयारीत होती, पण ती रागावली नाही. म्हणाली, ही चूक शिकलेसवरलेल्यांनीही केलीय, कावळा माणसावर नजर ठेवून असतो, माणूस वाकतो कुठे आणि बघतो कुठे ते त्याला पाठ असतं. आणि अजून सगळं गेलेलं नाही. अंडी गेली तर चिखल्ये काही वेळा पुन्हा घालतात, हंगाम थोडा बाकी आहे. फक्त आधी त्या काठ्या काढून फेकून द्या.

ही म्हणाली, फेकायच्या नाहीत. हलवायच्या.

पक्षीवालीला कळेना. तेव्हा हिने तिला समजावलं की नोकरीत असताना कधी कधी गाडीचा मार्ग बदलायचा आणि जुन्या थांब्यांचे खांब तसेच राहायचे. लोक तिथे येऊन उभे राहायचे. एक दिवस थांबायचे, दोन दिवस थांबायचे, शिव्या द्यायचे आणि मग त्या खांबाकडे ढुंकून बघायचे नाहीत. पुढे खरी गाडी तिथून सोडली तरी कुणी वर चढायला नसायचं. कावळा काय माणसापेक्षा बावळट आहे का? पक्षीवाली आधी हसली, मग हसायची थांबली. विचार करून म्हणाली की खात्री नाही, पण करून बघू. मात्र काठ्या पार दुसऱ्या टोकाला लावायच्या, आणि तो सगळा वेळ खऱ्या पट्ट्याकडे कुणी फिरकायचंही नाही.

मी आणखी लाल पट्ट्या कापून दिल्या. कडही मारली. किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला, जिथे नुसते शंख आणि शेवाळ, तिथे आमचे थांबे लागले. पुढचे काही दिवस कावळे इमानेइतबारे एकेका काठीपाशी उतरायचे, वाळू उकरायचे, मान वाकडी करून बघायचे आणि पुढे जायचे. कुत्रेवाले आता कुत्र्याला घेऊन आमच्याजवळ बसायचे आणि आम्ही तो तमाशा बघायचो. मग हळूहळू कावळे कंटाळले. एक दिवस एक कावळा काठीवर येऊन बसला, खाली बघितलंही नाही, पिसं साफ केली आणि गेला. पक्षीवाली म्हणाली की त्याच सुमारास मासळीवाल्यांनी खोपटामागे टाकलेला कचराही उचलला गेला, त्यामुळेही कावळे कमी झाले असतील. असतील. मी आपलं जे पाहिलं ते सांगतोय.

चिखल्यांनी पुन्हा अंडी घातली. कुठे घातली ते हिला माहीत होतं, पण तिने कुणालाच सांगितलं नाही. मलाही नाही. मी दुखावलो. म्हटलं, अगं, मी नवरा आहे तुझा, कावळा नाही. ती म्हणाली की तुम्हाला सांगितलं की तुम्ही तिकडे बघणार, आणि तुम्ही बघितलं की कावळा बघणार. ती स्वतः तिथे कधीच बघायची नाही. दोराला पाठ करून बसायची आणि समुद्राकडे तोंड करून माणसांना "पलीकडून" म्हणायची. कुठल्याही खुणेशिवाय, नुसत्या डोक्यातल्या अंदाजाने तिने तो पट्टा सांभाळला. एका संध्याकाळी घरी आली, बूट काढले आणि म्हणाली, आली. मी विचारलं, कोण? म्हणाली, पिल्लं. मग आम्ही दोघांनी चहा घेतला आणि बराच वेळ उगाचच हसत बसलो.

पण हंगाम संपत आला होता, आणि अध्यक्षांची तारीख ठरलेली होती.

ते सकाळी आले. बरोबर एक कारकून, आणि काखेत दिव्यांच्या खांबांचा मोठा नकाशा, गुंडाळलेला. अंगात पांढरी पॅन्ट, मीच शिवलेली, त्यामुळे माझं लक्ष आधी इस्त्रीकडे गेलं. पक्षीवाली होती, मी होतो, आणि ही. दोराच्या आत फक्त वाळू होती. पक्षीवालीने दुर्बीण लावून सगळा पट्टा दोनदा पाहिला. माणसं जवळ आली की पिल्लं वाळूला चिकटून निजतात, आणि निजली की ती आहेत की नाहीत हे कुणाच्या बापाला कळत नाही. तिलाही दिसेनात. तिने अध्यक्षसाहेबांना ते समजावून सांगितलं. साहेब म्हणाले की तुमच्या बोलण्यावर माझा विश्वास आहे, पण मी समितीसमोर काय सांगू? न दिसलेली पिल्लं?

मग ते हिच्याकडे वळले. तुम्ही रोज इथे असता, तुम्हाला नक्की माहीत असणार. एक पिल्लू दाखवा, माझं काम झालं, तुमचंही झालं.

हिला माहीत होतं. मला ते तिच्या मानेवरून कळलं, ज्या बाजूला ती मुळीच बघत नव्हती त्या बाजूवरून. खोपटाच्या छपरावर दोन कावळे होते. बोट करायला कितीसा वेळ लागतो? एक बोट केलं असतं की दोर कायमचा राहिला असता. पक्षीवालीने माझा दंड घट्ट धरला होता.

"दाखवणार नाही," ही म्हणाली.

साहेबांना ते ऐकायची सवय नसावी. म्हणाले, मग दोर जाईल.

"एकदा दाखवली होती," ही म्हणाली, "कावळ्यांनी खाल्ली. मी बोट केलं की तुम्ही सगळे दोन पावलं तिकडे जाणार, आणि वरचे ते दोघे बघतायत. तुम्हाला पिल्लू बघायचंय ना? मग खाली बसा. बोलू नका, हात हलवू नका. ते आपण होऊन येईल."

साहेबांनी आपल्या पॅन्टीकडे पाहिलं, मग वाळूकडे, मग घड्याळाकडे. थोडा वेळ बसतो म्हणाले, आणि बसले. आम्ही सगळेच बसलो. ऊन चढायला लागलं. साहेबांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. कारकुनाचा फोन खिशात गुरगुरला तेव्हा साहेबांनीच त्याच्याकडे डोळे वटारले. मला आतून एकच म्हणावंसं वाटत होतं, ये रे बाबा, ये, हिच्यासाठी तरी ये. माझ्या आयुष्यात मी कशासाठी इतकं मागितलं नव्हतं. हिचा चेहरा मात्र स्वच्छ होता. गाडी येणारच आहे हे माहीत असलेल्या माणसाचा असतो तसा.

आणि वाळूचा एक तुकडा उठला आणि पळाला.

कापसाच्या बोळ्याएवढं पिल्लू, खाली दोन लांब पाय. पळालं, थांबलं, पुन्हा पळालं. मागे दुसरं. पहिल्याला ऊन लागत असावं, कारण ते सावली शोधत दोराखालून बाहेर आलं आणि थेट अध्यक्षांच्या दुमडलेल्या गुडघ्याखाली, पांढऱ्या पॅन्टीच्या सावलीत येऊन बसलं. साहेबांनी श्वास घेतला तो सोडलाच नाही.

छपरावरचा एक कावळा उडाला. आमच्या डोक्यावरून त्याची सावली फिरली आणि पिल्लू वाळूला चिकटलं. आमच्यापैकी कुणी काही करायच्या आत साहेबांनी काखेतला नकाशा हळूच काढला, न वाजवता थोडा उलगडला आणि गुडघ्यावरून पलीकडे धरला, पिल्लावर छप्पर केल्यासारखा. कुणी सांगितलं नव्हतं. कावळा एक फेरी मारून निघून गेला. साहेबांचा हात तसाच राहिला. त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी होतं. घाम नव्हता तो, मी जवळून पाहिलंय.

बऱ्याच वेळाने त्यांनी मान न वळवता, ओठ न हलवता हिला विचारलं, "आता मी काय करू?"

"काही नाही," ही म्हणाली. "असेच बसा."

"कुठवर?"

"ते उडायला शिकेपर्यंत."

साहेबांनी ऐकून घेतलं. मग कारकुनाला अगदी हळू आवाजात सांगितलं की खांब दुसरीकडे बघा, इथला दोर राहू द्या, दर वर्षी. कारकून लिहून घ्यायला खिशातून पेन काढू लागला, तर साहेब कुजबुजले, अरे, हलू नकोस.